उजव्या हाताला काही नाही

सायकलवरून परदेश फिरायचा असेल, तर मार्ग आखावा मीच! ही फुशारकी नाही. फुशारकी मारायला समोर कुणी बरोबरीचं लागतं, आणि या विषयात तसं कुणी मला अजून भेटलेलं नाही.

प्रवासी कंपन्यांचं तर नाव काढू नका माझ्यासमोर. एकदा गेलो होतो. काचेच्या टेबलामागे इस्त्री करून ठेवल्यासारखा एक माणूस. म्हणाला, "सायकल कशाला सर? आपली एसी बस आहे ना!" मी म्हटलं, "मग डोंगर तरी कशाला? तुमच्या भिंतीवर फोटो आहे ना!" तिथेच आमचं फाटलं. आणि ते फोनवाले सायकलस्वार! हँडलवर फोन, कानात बाई. बाई म्हणाली 'डावीकडे वळा' की हे वळले, मग डावीकडे विहीर का असेना! स्वतःच्या बायकोचं इतकं ऐकलं असतं, तर संसाराचं सोनं झालं असतं.

मी असल्या भानगडीत पडत नाही. मी कापड कापतो. हॉटेलांचे, दवाखान्यांचे, पहारेकऱ्यांचे युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात मी कटर आहे. सगळे मला मास्तर म्हणतात. टेबलावर कापडाचे थरावर थर लावायचे, वर कागदी पॅटर्न ठेवायचा आणि मशीनची पाती फिरवून एका दमात अख्ख्या पलटणीचे कोट वेगळे करायचे, हे माझं काम. माझा हात चुकला तर अख्खी पलटण थोटी! तेव्हा मापाचं मला कुणी शिकवू नये.

बायको लॅबमध्ये रक्त तपासते. दिवसभर लोकांना टोचून घरी येते, पण टोचायची सवय काही लॅबमध्ये ठेवून येत नाही. यंदा लॅबने तिला तीन आठवड्यांची रजा दिली. ज्या दिवशी मिळाली त्याच दिवशी ती म्हणाली, "ही रजा मी घरात बसून नासवणार नाही. तुम्हाला सुट्टी मिळाली तर आपण दोघं. नाही मिळाली तर बरोबर कोण, ते मी बघेन. पण मी जाणार!"

लग्न झाल्यापासून आम्ही दोघं मिळून कुठे गेलो असू, तर तिच्या माहेरी. म्हणून एकदा तरी हिच्याबरोबर असं जायचं होतं, की जिथे हिच्या ओळखीचं एक माणूस नसेल. खरं सांगतो, एवढंच पाहिजे होतं मला.

जायचं ठिकाणही मीच शोधलं. मधोमध भलंमोठं तळं, भोवती डोंगर, डोंगरांना वेटाळून जाणारा एकच रस्ता, आणि वाटेत मुक्कामाला लहान लहान गावं. सायकलने सावकाश एक फेरी मारली की तीन आठवडे संपले. नकाशा मिळवला, पण घड्यांवर फाटायला आलेला. मग मी काय केलं? जेवणाच्या सुट्टीत तो कटिंग टेबलावर पसरला, खाली ब्राउन पेपर घातला, आणि कोटाचं ड्राफ्टिंग उतरवतात तसा दातेरी चाक फिरवून अख्खा मार्ग खाली उतरवला. मग बाहेरच्या काठाने कापला. काठ म्हणजे रस्ता, मधलं भोक म्हणजे तळं! आहे का कुठल्या कंपनीत ही अक्कल?

त्यावर पेन्सिलीने खुणा केल्या. सुटसुटीत, जागच्या जागी. 'खांदा उतरता.' म्हणजे डोंगराच्या खांद्यावरून रस्ता खाली येतो. 'डाव्या हाताला तळं.' 'उजव्या हाताला काही नाही.' म्हणजे दरी, जपून. 'इथे फार आवळतं.' म्हणजे खिंड. 'पाठीवर वारा.' 'पुढे सगळं उघडं.' म्हणजे माळ, सावली नाही, टोप्या घाला. आणि जिथे जिथे रात्र काढायची, तिथे 'मुक्काम'.

बायकोला दाखवलं. तिने मान इकडून तिकडून वाकडी करून बघितलं.

"मार्ग आखताय की वाट लावताय?"

"अगं, नीट बघ तरी!"

"बघितलं. कुणाचं तरी कातडं वाळत घातल्यासारखं दिसतंय."

कौतुक करायची तिची हीच पद्धत आहे, असं मी धरून चालतो. कागद मी परत कारखान्यात नेला आणि रोज जेवणाच्या सुट्टीत टेबलावर पसरून बघत बसायला लागलो.

राहिली माझी रजा. मालकांच्या केबिनमध्ये गेलो.

"मालक, तीन आठवडे सुट्टी पाहिजे."

"कोण आजारी?"

"कुणी नाही."

"लग्न आहे?"

"माझं झालंय."

"मग सुट्टी कशाला?"

"सायकल चालवायला."

मालकांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी कारखान्याची शिडी विकायला काढलीय. कामगाराला पाय असतात हे मालक लोकांना मान्य आहे, पण ते मशीनचं पायडल मारायला! शेवटी म्हणाले, "त्या नव्या हॉटेलचे कोट आहेत ना? ते कापून द्या. पहिला कोट हॉटेलच्या मॅडमना पसंत पडला, की जा. त्याआधी निघालात, तर मास्तर, तिकडेच राहा!"

म्हणजे अडचण काहीच नव्हती. कोटाचा पॅटर्न मी कधीच काढून ठेवला होता. कापड येऊन पडलं होतं, वाइन रंगाचं, जाड, असं राजबिंडं की त्याला हात लावायच्या आधी हात धुवावे. तिकिटं तेवढी काढायची राहिली होती, ती पहिला कोट पसंत पडला की काढणार होतो.

आता माझ्या मेहुण्याची ओळख करून देतो. बायकोचा धाकटा भाऊ. त्याला कारखान्यात मीच चिकटवला, माझ्या हाताखाली. सगळे त्याला 'बरं' म्हणतात, कारण तो त्याच्यापलीकडे काही बोलत नाही. "चहा घेणार?" "बरं." "गेला तो चहा, संपला." "बरं." कारखान्यात आग लागली आणि पळ म्हटलं, तर 'बरं' म्हणून चपला शोधेल. सुरुवातीला प्रश्न विचारायचा. मी ती खोड मोडली. कटरच्या हाताखालच्या माणसाने विचार करायला लागायचं म्हणजे कापडाचं वाटोळं!

त्या दिवशी कापडाचे थर लावून झाले आणि बायकोचा फोन आला. "सायकलवाला आपल्यासाठी थांबलाय. आत्ता आलात तर नव्या सायकली मापाने बसवून देतो म्हणतोय, नाहीतर दुकान बंद करून गावाला चाललाय."

मी दारापर्यंत धावलो आणि तिथूनच ओरडलो, "टेबलावर कागद आहे तो घे, आणि सगळा थर काप! पहिला कोट काजबाईंकडून लगेच शिवून घे, मॅडम येतायत! आणि डोकं चालवू नकोस, पाती चालव!"

"बरं," तो म्हणाला.

काजबाई म्हणजे आमच्याकडच्या जुन्या शिवणाऱ्या. त्यांच्यासारखी काजं कुणाला जमत नाहीत.

सायकलवाल्याकडे झकास झालं. बायकोने आवारात दोन गोल फेऱ्या मारल्या आणि घंटी वाजवली. मला वाटलं, झालं! पोचलो आपण! तेवढ्यात मालकांचा फोन. आवाज दबका, तोंडावर हात धरल्यासारखा.

"मास्तर, मॅडम आल्यात. कोट शिवून झालाय. त्या विचारतायत, हा घालायचा कुठून?"

"कोट कुठून घालतात, मालक? हातातून!"

"कुठल्या हातातून? याला एकच आहे!"

"एकच?"

"आणि मास्तर, याला खिसे किती दिलेत? काखेत पण आहे एक!"

आमच्या दोन नव्याकोऱ्या सायकली जन्मात पहिल्यांदा धावल्या, त्या कारखान्याकडे! बायको माझ्या पुढे होती.

आत शिरलो. आरशासमोर हॉटेलच्या मॅडम उभ्या, आणि त्यांच्या अंगावर माझा परदेश!

डोकं तळ्यातून बाहेर आलेलं. डाव्या हाताला पखालीएवढी बाही, ओतू म्हटलं तर सांडेल अशी. उजवीकडे बाहीच नाही, हात आत कोंबडीच्या पंखासारखा फडफडतोय. एक खांदा वर, दुसरा गुडघ्याकडे निघालेला. पाठीवर चौकोनी खिडकी. गळ्याच्या खाली पुढून सताड उघडा, एक बटण नाही. आणि कमरेला नाडी, इतकी करकचून ओढलेली की बाईंचा आवाज शिट्टीसारखा येत होता.

"पाठीला... खिडकी... कशाला?" त्या शिट्टीतून बोलल्या.

मालक घामाघूम. "मॅडम, हवा खेळती राहते. नवीन फॅशन आहे. काय मास्तर?"

टाचण्या तोंडात धरून काजबाई कोटाभोवती फिरत होत्या, जखमी माणसाला कुठून बांधावं असं बघतात तशा.

"बाई, तुम्ही शिवलंत हे?" मी विचारलं.

टाचण्या काढून त्या म्हणाल्या, "मला कापून येईल ते मी शिवते, मास्तर. हॉटेलवाल्यांचं काय सांगावं? मागे ते बँडवाले नव्हते का, शेपटी लावून घेऊन गेले."

मी मेहुण्याचं बखोट धरलं. "अरे, एका बाजूला हातच नाही? आंधळा होतास?"

त्याने शांतपणे ब्राउन पेपर पुढे केला. माझा ब्राउन पेपर! कोटाचा पॅटर्न भिंतीवरच्या खुंटीला तसाच लटकत होता, जसा मी आठवडाभरापूर्वी लटकवला होता.

"लिहिलंय भाऊजी. 'उजव्या हाताला काही नाही.'"

"आणि पाठीला भोक?"

"'पाठीवर वारा.'"

"नाडी?"

"'इथे फार आवळतं.' मला वाटलं, फार म्हणजे फारच."

"आणि बटणं? बटणं कुठायत?"

"'पुढे सगळं उघडं.'"

अक्षर माझंच होतं. शाळेत मास्तरांनी सुधारायला सांगितलेलं आणि मी न सुधारलेलं, पण वाचायला एकदम स्पष्ट.

"खिसे रे? काखेत खिसा कोण देतं?"

आता पहिल्यांदाच त्याचा चेहरा जरा पडला. "'मुक्काम' मला कळलं नाही, भाऊजी. बऱ्याच ठिकाणी लिहिलं होतं. म्हटलं, कोटावर बऱ्याच ठिकाणी काय असतं? मग खिसा दिला."

"मग विचारायचंस ना, गाढवा!"

"तुम्हीच म्हणालात, डोकं चालवू नकोस."

तिकडे मॅडमना कोटातून बाहेर यायचं होतं आणि कोट सोडत नव्हता. तळं हनुवटीला अडकलं. मालक बाही ओढायला लागले, काजबाई नाडी. बाई मधल्या मधे भोवऱ्यासारख्या फिरल्या. शेवटी काजबाईंनी कात्री घेतली आणि खांद्यापासून घेरापर्यंत एका हिसक्यात डोंगर उभा फाडला.

मॅडम मोकळ्या झाल्या. केस सारखे केले, पर्स उचलली. म्हणाल्या, "आमच्या हॉटेलात पाहुण्यांचं सामान उचलायचं असतं, माकडाचा खेळ करायचा नसतो. उद्घाटनाच्या दिवशी कोट नसले, तर तुम्ही आहात आणि आमचा वकील आहे." आणि गेल्या.

दार बंद होईपर्यंत मालकांनी हात जोडून ठेवले.

मालक आधी माझ्याकडे वळले. "मास्तर! नवं कापड मागवतो. ते तुम्ही स्वतः कापायचं. तुमच्या हाताने, शेवटच्या कोटापर्यंत. उद्घाटन होईपर्यंत हे टेबल सोडायचं नाही. सुट्टी म्हणे! सायकल म्हणे!"

"पण मालक, चूक ह्याची..."

"ह्याची?" मालक मेहुण्यावर कडाडले. "ह्याला माझ्या डोळ्यांसमोरून घेऊन जा! तीन आठवडे कारखान्यात पाऊल टाकायचं नाही! घरी बस! कळलं?"

"बरं," मेहुणा म्हणाला.

न्याय बघा! ज्याने पाती चालवली तो सुटला, आणि ज्याला पाती चालवता येते तो अडकला. जगात हुशार माणसाला सुट्टी मिळत नाही ती याच कारणाने. हे मी मालकांना तोंडावर सांगितलं असतं, पण ते केबिनमध्ये निघून गेले होते.

बायको दारात उभी होती, दोन्ही सायकली भिंतीला टेकवून. आत आली, तो ब्राउन पेपर उचलला आणि पहिल्यांदाच नीट वाचला. पार काठापर्यंत, एकेक खूण. वाचता वाचता तिच्या ओठांच्या कडा हलल्या. हसली नाही. मला वाटलं, आता ही म्हणेल, जाऊ दे, मीही थांबते. मी लगेच मोठेपणाने म्हणालो, "अगं, मनाला लावून घेऊ नकोस. पुढच्या वर्षी जाऊ. दोघं."

"रस्ता चांगला काढलाय हो तुम्ही," ती म्हणाली. खरंच म्हणाली! इतक्या वर्षांत एवढं सरळ वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. कागदाची व्यवस्थित घडी करून तिने पर्समध्ये टाकली. माझ्या दंडावर हात ठेवला. मला भरून आलं.

मग माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत ती म्हणाली, "काय रे, तुला सायकल येते ना?"

मेहुण्याने विचार केला. मी मना केल्यापासून बहुधा पहिल्यांदाच.

"येते ताई. पण भाऊजींची मला उंच पडेल."

दोघं माझ्याकडे बघायला लागले. काजबाई पण बघायला लागल्या. मी खिशातून पाना काढला, दारात जाऊन खाली बसलो आणि सीट दोन बोटं खाली घेतली. त्याला पहिल्याच फटक्यात अगदी बरोबर बसली!