शिवणमावशींच्या स्वावलंबनाची देखरेख

शिवणमावशींनी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी न्हाणीघरात धरायला एक दांडी मागितली आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. त्यांची खोली 'स्वावलंबी ज्येष्ठ निवासा'त दुसऱ्या मजल्यावर. तिथे राहायला अट एकच : माणसाने एकटं राहायचं आणि आपलं आपण करायचं. नवरा गेल्यापासून अकरा वर्षं मावशी ते बिनबोभाट करत होत्या, वर शेजारपाजारचे फाटके कपडेही शिवून देत होत्या.

अर्जानंतर महिन्याभराने माणूस आला. दांडी घेऊन नव्हे, फाइल घेऊन. तो साहाय्य कक्षाचा मूल्यमापक होता.

"दांडी कशाला हवी, मावशी?"

"ओल्या फरशीवर पाय घसरतो हो."

"म्हणजे मदत लागते. मग तुम्ही स्वावलंबी कशा?"

"बरं बाबा, राहू दे ती दांडी."

"आता कसं राहू देणार? गरज नोंदली गेली," तो मनापासून हळहळला. "पण घाबरू नका. तुम्ही स्वावलंबीच राहावं म्हणून कक्ष तुमच्या पाठीशी उभा राहील."

आणि कक्ष खरोखरच पाठीशी येऊन उभा राहिला. सोमवारी एक साहाय्यक आला. मावशी भाजी स्वतः चिरतात का, हे त्याने बघायचं होतं. तो विळीला बोट लावत नसे, कारण मदत केली तर मावशींचं स्वावलंबन मोडलं असतं. मावशी चिरत, तो लिहून घेई. तो नीट लिहितो ना, हे बघायला पर्यवेक्षिका आली. मग सुरक्षा निरीक्षक आले. त्यांनी विळी, स्टूल आणि शिलाई मशीनची सुई जप्त केली. विळी गेल्याने भाजी चिरणं थांबलं, म्हणून 'चिरण्याची क्षमता खालावली' अशी नोंद झाली आणि एक प्रशिक्षक नेमला गेला. तो मावशींना बोथट कात्रीने कागद कापायला शिकवू लागला.

"अहो, पन्नास वर्षं कात्री चालवलीय मी!"

"पूर्वानुभव ग्राह्य नाही. रेघेवरून कापा."

दुपारी तीन वाजता एकटेपणाची तज्ज्ञ येई. "एकटं वाटतं का हो?"

"एकटं वाटायला जागा कुठे ठेवलीय तुम्ही!"

तज्ज्ञबाईंनी 'जागेची तक्रार' असं लिहून घेतलं.

खोलीत खुर्च्या दोनच. मावशी दिवसभर उभ्याने या मंडळींचा चहा करत. फोनवर लेक म्हणाली, "आई, एवढी माणसं आहेत तुझ्याजवळ, ऐकून माझा जीव भांड्यात पडला. मग यंदा मी नाही आले तर चालेल ना?" मावशींना रडू फुटत होतं. पण रडलं तर रडण्याचा वेगळा माणूस आला असता, म्हणून त्यांनी ते गिळलं.

शेवटी मूल्यमापक पुन्हा उगवला.

"जरा अवघड झालंय, मावशी. पाहणीत असं आढळलं, की या खोलीत सरासरी पाच माणसं असतात. निवास तर एकट्याने राहणाऱ्यांसाठी आहे."

"अरे, ती तुमचीच माणसं!"

"कुणाची, हा रकाना फॉर्मात नाही. गर्दी कमी करावीच लागेल."

मावशींचा चेहरा उजळला. "तुझ्या तोंडात साखर पडो! कर बाबा, आत्ताच्या आत्ता कमी कर."

त्याने एकेकाला नेमणूकपत्र विचारलं. साहाय्यकाने दाखवलं. पर्यवेक्षिका, निरीक्षक, प्रशिक्षक, तज्ज्ञ, सगळ्यांनी दाखवलं. मग तो मावशींकडे वळला.

"तुमचं?"

"माझं घर आहे हे! मी राहते इथे!"

"ते खरं हो. पण पद कोणतं?"

शुक्रवारी मावशींना वीस खाटांच्या सामायिक दालनात हलवलं. जाताना त्यांनी दाराची चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. पर्यवेक्षिकेने एकेक बोट सोडवलं आणि 'पकड उत्तम' अशी नोंद केली.

खोलीत कर्मचारी अजून आहेत. तिला आता 'आदर्श स्वावलंबी खोली' म्हणतात आणि रविवारी ती लोकांना बघायला खुली असते. तुम्हीही परवा बघून आलात. स्वच्छता आवडली, माणसांची तत्परता आवडली, आणि आईचं नाव प्रतीक्षायादीत घालून तुम्ही निवांत झालात. यादी फार लांब आहे, पण तुमचा अर्ज वाया जायचा नाही. नंबर लागेल तेव्हा आईचं नाव खोडून तिथे तुमचं लिहिलं तरी चालतं.