घेवड्याची गुढी

"पेणच्या घेवड्याचं काय एवढं कौतुक! मनात आणलं तर इथं ठाण्यात पिकवून दाखवीन!"

हे विश्रामराव चित्रे बोलले कुठे, तर दिवाळीच्या भरल्या पंगतीत, आणि कुणाला, तर साक्षात सासऱ्यांना!

सासरे म्हणजे पेणचे अण्णा कर्णिक. येताना टोपलीभर घेवडा आणायचे आणि शेंगा निवडून होईपर्यंत "शहरात हे व्हायचं नाही, जावईबापू" असं ऐकवायचे. विश्रामराव कचेरीत कारकून. साहेबाचं ऐकून घ्यायची त्यांना सवय होती, त्याचा पगार मिळायचा. पण सासऱ्याचं फुकट किती ऐकायचं?

"चैत्रात गुढीपाडव्याला जेवायला या," ते म्हणाले. "आमच्या वेलाच्या शेंगा स्वतःच्या हातानं तोडा आणि तुम्हीच सांगा, पेण की ठाणं!"

झालं! शब्द तोंडातून गेला.

त्या दिवसांत नाक्यानाक्यावर 'अधिक धान्य पिकवा'च्या पाट्या होत्या. विश्रामरावांना वाटायचं, सरकार आपल्यालाच सांगतंय. नौपाड्यातल्या घरापुढे चार पावलांचं अंगण होतं, तिथं त्यांनी आळं केलं, बी लावलं, न्हाणीचं पाणी वळवून आणलं. वेल असा माजला की महिन्याभरात कारवीच्या काठ्यांच्या डोक्यावरून गेला आणि आधार शोधत हवेत चाचपडायला लागला.

आता उंच, भक्कम काठी हवी. विश्रामरावांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि ओटीच्या तुळईला आडवा बांधलेला लांबसडक बांबू त्यांच्या नजरेत भरला. नुसता पडून! काढला आणि रोवला आळ्यात.

वर्षभर नुसता पडून असणारा बांबू आपल्या घरात कशाचा असतो, हे तुमच्या लक्षात आलं ना? विश्रामरावांच्या नाही आलं!

फाल्गुनात वेल लगडला. तळहाताएवढ्या रुंद शेंगा! त्यांची बायको प्रमोदिनी म्हणायची, "अहो, भाजीपुरत्या तोडू का?"

"एक नाही तोडायची! आधी अण्णांना बघू दे!"

पाडवा उजाडला. प्रमोदिनीनं तांब्या लख्ख घासला, खण काढला, कडुलिंबाची डहाळी आणि साखरेची गाठी ताटात ठेवली.

"अहो, गुढीची काठी काढा."

विश्रामरावांचं डोकं पुसणं थांबलं.

"काठी... अंगणात आहे."

"मग आणा की आत!"

"ती यायची नाही."

प्रमोदिनी बाहेर गेली आणि तिथूनच ओरडली, "अगं बाई! गुढीच्या काठीवर घेवडा चढवलात?"

"मी कुठे चढवला? तो आपला आपण चढला!"

तिनं कोयती उचलली. विश्रामराव पंचा सावरत वेलापुढे आडवे झाले. "वेल तोडलास तर अण्णांना काय दाखवू?"

"आणि गुढी नाही उभारली तर गल्लीला मी काय दाखवू?"

पाडव्याच्या दिवशी दुसऱ्याकडे काठी मागायची तर सगळ्यांच्या गुढ्या वर! विश्रामरावांनी भीत भीत धुणं वाळत घालायची काठी पुढे केली. प्रमोदिनीनं तिच्याकडे असं पाहिलं की त्यांनी ती निमूट परत ठेवली. ऊन ओटीवर आलं. शेवटी ते स्टुलावर चढले. बांबूच्या टोकाला खण, डहाळी, गाठी बांधली, वेलाचा शेंडा आत दुमडून तांब्या उपडा घातला. झाली गुढी, शेंगांसकट!

शेजारच्या रंगूबाई फाटकात थबकल्या. व्रतवैकल्यांत त्यांचा शब्द गल्लीत शेवटचा.

"विश्रामराव, ही हो कुठली पद्धत?"

"आमचा कुळाचार!" विश्रामराव दडपून म्हणाले. "जिवंत वेलाची गुढी. भरभराट होते!"

"हो का? मग प्रसादाची शेंग द्या बाई एक."

विश्रामरावांनी जड हातानं एक तोडून दिली. रंगूबाईंनी ती डोळ्यांना लावली, पदरात बांधली आणि गेल्या. बाई मनानं फार चांगल्या, पण त्यांच्या पोटात काही राहायचं नाही! अर्ध्या तासात तीन गल्ल्यांच्या बायका ताटल्या घेऊन हजर. टेंभी नाक्यावरून एक तर टांगा करून आली!

"सुनेला दिवस गेलेत, दोन द्या!"

"आमच्या ह्यांचं बढतीचं अडलंय हो!"

सणाच्या दिवशी दारात आलेल्याला प्रसाद नाही कसा म्हणायचा? विश्रामराव मान खाली घालून तोडत होते, देत होते, आणि आतल्या आत रडत होते.

"घ्या, पुढे व्हा," ते शेवटची शेंग देत म्हणाले.

"कुठे पुढे होऊ? मी आहे!"

समोर अण्णा! चपला काढून, रांगेत उभे राहून आलेले. विश्रामरावांनी वर पाहिलं. वेलाला नुसती पानं.

"अण्णा, एवढीच राहिली हो..."

अण्णांनी शेंग उन्हात धरली. तळहाताशी लावून मोजली. मग फोडून एक दाणा कच्चाच चावला.

"पेणला अशी होत नाही," अण्णा म्हणाले, आणि ओटीवर बसून पोट धरून हसायला लागले. "अशी रांगही लागत नाही! तीस वर्षं घेवडा लावतोय, पण माझ्या एका शेंगेला कुणी नमस्कार केला नाही!"

विश्रामरावांना इतका आनंद झाला की दुपारी पानात बटाट्याची भाजी पडली, तीही त्यांना श्रीखंडासारखी लागली.

पुढच्या वर्षी वेलावर मावा पडला. पानं आली, शेंग एक धरली नाही. आणि इकडे रंगूबाई होळीपासून बजावताहेत, "यंदा चार ठेवा हो, नागपूरची नणंद यायचीय!"

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी विश्रामराव स्टुलावर उभे राहून बाजारातल्या शेंगा दोऱ्यानं वेलाला बांधत होते. खाली पिशवी धरून अण्णा उभे होते.

"देठ वर, जावईबापू, देठ वर! आणि दोरा हिरवा घ्या, पांढरा दिसतो. आपला कुळाचार आहे!"