फुटाण्याच्या पुडीतला हेर

पारनेरच्या शामकांत निसळांनी दारावर पाटी लावली होती, पण आपल्या गुणांच्या मानाने ती लहानच पडली, असं त्यांचं मत होतं. 'शा. व. निसळ, गुप्त शोधक. चोऱ्या, बेपत्ता माणसे, निनावी पत्रे. गरुडाची नजर, हत्तीची स्मरणशक्ती, वाघाचे काळीज.' आणि खाली बारीक अक्षरांत, 'हरवलेली जनावरे शोधून मिळणार नाहीत.'

ही शेवटची ओळ एका म्हशीमुळे आली होती. मोजणी खात्यातून निवृत्त झाल्यावर निसळांकडे आलेलं ते पहिलं प्रकरण. त्यांनी खुरांचे ठसे मोजले, नकाशा काढला आणि चोर म्हैस घेऊन जामगावकडे गेल्याचं सिद्ध केलं. ते सिद्ध होत असतानाच म्हैस सुप्याच्या रस्त्याने रवंथ करत आली आणि गोठ्यात जाऊन उभी राहिली.

त्यानंतर वर्षभर कोणी फिरकलं नाही. १९७१ च्या डिसेंबरात लढाई सुरू झाली, लोकांनी खिडक्यांना काळे कागद चिकटवले, आणि त्याच आठवड्यात गहिनीनाथ भाऊ हातात एक चुरगळलेला कागद घेऊन निसळांच्या ओट्यावर चढले. भाऊ गावातले मोठे बागाईतदार, आवाजही तसाच मोठा.

"निसळसाहेब, ह्यो कोन हाय त्यो हुडकून द्या. त्याची तंगडी मोडतो!"

कागद फुटाण्याच्या पुडीचा होता. बाजारात पुडी सोडली, फुटाणे संपले आणि आत हे निघालं:

*वरचे गेले, खालचे हलती,*
*तरी चकलीचा सोस सुटेना;*
*कुरकुर वाजे काय म्हणावे,*
*चकली की दात, मज उमगेना!*

"माझे वरचे गेलेत," भाऊ म्हणाले. "खालचे हलत्यात. आन दिवाळीला मी चकली खाल्ली, हे आख्ख्या गावाला ठावं हाय."

निसळांनी जिभेने आपली खालची दाढ हळूच चाचपली. तीही हलत होती; पण शोधकाने स्वतःला प्रकरणात गुंतवायचं नसतं.

त्यांचा मदतनीस श्रीमंत हा समोरचा शिंपी. श्रीमंती नावापुरतीच. पहिला संशय निसळांनी भाऊंच्या कोल्हारच्या व्याह्यांवर घेतला, कारण व्याह्यांचे सगळे दात शाबूत होते. दुसरा संशय शाळेच्या मास्तरांवर, कारण त्यांना यमक जुळवता येतं.

"पर दादा, मास्तरला घरात बोलायची चोरी," श्रीमंत म्हणाला. "त्यो लिवायचा कदी?"

तेवढ्यात आणखी दोन पुड्या हाती लागल्या. एक डॉक्टरांच्या कंपाउंडरला मिळाली, दुसरी खुद्द श्रीमंतला:

*चष्मा कपाळी, शोध घरभर,*
*माझ्यावरती आळ पुरा;*
*आरशापुढती उभे राहुनी*
*म्हणती, "चोर सापडला खरा!"*

आणि,

*लग्नामधला कोट घातला,*
*बटण म्हणाले, "राम राम!"*
*कोट म्हणाला, "माणूस बदला,*
*माझे नाही इथले काम!"*

निसळ तीन दिवस तिन्ही कागदांवर भिंग धरून बसले. चौथ्या दिवशी उठले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"श्रीमंत, दार लाव. ही कविता नाही. ही सांकेतिक भाषा आहे. शत्रूची!"

श्रीमंतने दार लावलं. कडी मोडकी होती, म्हणून पाठ टेकून उभा राहिला.

"नगरला काय आहे? रणगाडे. 'वरचे गेले', म्हणजे उत्तरेकडचे रणगाडे रवाना झाले. 'खालचे हलती', म्हणजे दक्षिणेकडचे निघाले. चकली म्हणजे रणगाड्याची साखळी. गोल, काटेरी, कुरकुरणारी!"

"आन कोट?"

"भुईकोट किल्ला! बटण म्हणजे बॉम्बचं बटण. ते दाबलं की राम राम!"

"आन चष्मा, दादा?"

"चष्म्याचं अजून लागायचंय," निसळ म्हणाले आणि चष्मा शोधू लागले. श्रीमंतने त्यांच्या कपाळाकडे बोट दाखवलं.

"अक्षर पाहा. ठाम, रेखीव. स्त्रीचं असूच शकत नाही. लष्करी शिस्तीतला, पस्तिशीचा, मिशा असलेला पुरुष."

तेवढ्यात आतून त्यांची बायको, प्रेमलाबाई, हात पुसत आल्या. दिवाळीपासून त्या एकच गोष्ट विचारत होत्या.

"अहो, माझी निळी वही दिसली का कुठे?"

"प्रेमला, इथे देश धोक्यात आहे!"

"असेल. येताना गूळ आणि डाळ आणा." यादी त्यांच्या खिशात कोंबून त्या आत गेल्या.

निसळांनी योजना आखली. फुटाणे विकणाऱ्या झुंबरबाईला बेसावध गाठायचं, तिच्याकडून हेराचं नाव काढायचं आणि तडक नगरला तार ठोकायची. बाजारात पोचल्यावर त्यांनी फुटाण्याच्या ढिगाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि एकदम पुढ्यात उभे राहिले.

"झुंबरबाई! हे कागद तुला कोण पुरवतं? खरं सांग, सरकार दया करील."

झुंबरबाईने तोंडातला फुटाणा शांतपणे चावून संपवला.

"तुमीच की."

"मी?"

"दिवाळीच्या आंदी सोता डोक्यावर रद्दी घिऊन आला हुता. मी म्हनलं, वही चांगली दिसती, राहू द्या. तर म्हनला, मला अक्कल शिकवू नको."

"खोटं! पुरावा काय?"

श्रीमंतने त्यांच्या खिशातली वाण्याची यादी काढली आणि पुडीच्या कागदाशेजारी धरली.

"दादा, ह्यो गुळातला 'ळ' बघा. आन ह्यो कपाळातला बघा."

निसळांनी पाहिलं. भिंगाची गरज पडली नाही. निळी वही त्यांना लख्ख आठवली. वर लिहिलं होतं, 'लोणची व मुरंबे'. इतक्या वर्षांनी प्रेमलाला लोणची तोंडपाठ असणार, असा तर्क करून त्यांनीच ती रद्दीत घातली होती.

ढिगाखाली निळा पुठ्ठा उरला होता. पानं सगळी गावभर गेली होती.

घरी पुठ्ठा हातात घेऊन निसळ स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. प्रेमलाबाईंनी आधी पुठ्ठ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"बावीस वर्षं लिहीत होते," त्या म्हणाल्या. "लोणच्याची वही कुठला पुरुष उघडणार, म्हणून ते नाव घातलं होतं." आणि भाकरी थापू लागल्या. त्या रागावल्या असत्या तर निसळांना बरं वाटलं असतं. त्यांच्या नेहमीच्या थापण्यातला ताल मात्र गेला होता.

दुसऱ्या दिवशी निसळ चहा न पिताच बाहेर पडले. पानं परत मिळवायची, एकेका दारात जाऊन. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याजवळ एकही सिद्धांत नव्हता.

पण पानं कोणी देईना. तपासाला दिलेले कागदही भाऊ आणि कंपाउंडर श्रीमंतकडून कालच परत घेऊन गेले होते. कंपाउंडरने चष्म्याची कविता काचेखाली लावली होती. "आमच्या डॉक्टरांवर आहे," म्हणाला. कोटाची कविता डॉक्टरांनी श्रीमंतकडून आधीच मागून नेली होती. गहिनीनाथ भाऊंनी तर आपला कागद ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवला होता.

"भाऊ, तुम्ही तंगडी मोडणार होता ना?"

"मोडनार हुतो. पर कारभारनीला, मालनला, वाचून दाखिवली आन ती हासली," भाऊ म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला. "थोरला पोरगा येगळा निगाल्यापास्नं हासलीच न्हवती वो. आता कागद मागू नका."

निसळांनी मागितला नाही. त्यांनी तिथेच मांडी घातली आणि खिशातल्या यादीच्या मागे कविता उतरवून घेतली. पुढे कंपाउंडरकडे, डॉक्टरांकडे, मग आणखी आठ घरी. सगळी मिळून अकरा कविता हाती आल्या. अकराही वाचल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की यात ना भाऊ आहेत, ना डॉक्टर. दात, चष्मा, पोट, घोरणं, सगळं एकाच माणसाचं आहे.

येताना त्यांनी एक नवी वही घेतली. प्रेमलाबाई ओट्यावर डाळ निवडत होत्या. त्यांनी अकराही कविता वाचल्या आणि एका ठिकाणी बोट ठेवलं.

"इथे ऱ्हस्व हवा."

"बाकीच्याही शोधीन."

"राहू द्या. हसतायत ना लोक?"

निसळ शेजारी टेकले. मग म्हणाले, "प्रेमला, बावीस वर्षं तू फक्त माझ्यावरच लिहिलंस?"

"दुसरं काय होतं या घरात हसण्यासारखं?"

निसळांना अपमान वाटायला हवा होता. तो काही केल्या वाटेना.

प्रेमलाबाईंनी डाळीचं सूप बाजूला सारलं, नवी वही मांडीवर घेतली आणि पेन्सिलीचं टोक जिभेवर ओलं केलं.

"हं. झुंबरबाई काय म्हणाली म्हणालात? पहिल्यापासून सांगा. आणि तुमचं तोंड कसं झालं होतं, तेही सांगा."

निसळांनी घसा खाकरला आणि काहीही न लपवता सांगायला सुरुवात केली.