शोभेचा अळू

मयूर विहारच्या सोसायटीत भिंतीलगत जांभळाची रोपं लागली, तेव्हा सगळे रोपांकडे बघत होते आणि सुमित्राबाई मधल्या मोकळ्या मातीकडे.

"ही झाडं सावली धरेपर्यंत आपल्या नातवाला मिसरूड फुटेल," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तोवर जमीन काय नुसती बसून राहणार?"

शशिकांतराव केंद्र सरकारच्या नोकरीत मुरलेले. सूचना दिसली की पाळायची, एवढंच त्यांना ठाऊक. "अगं, नोटीस लागलीय. झाडांच्या मध्ये सब्जी बिल्कुल अलाउड नाही. फक्त शोभेची रोपं."

"कोणी लावली?"

"खुरानांनी. सेक्रेटरी आहेत ते."

"असू देत. शोभेचीच लावते."

दिल्लीत आल्यापासून सुमित्राबाईंना मनासारखी अळूवडी मिळाली नव्हती. माहेरून, सासवडहून, आणलेले काळ्या देठाच्या अळूचे कंद त्यांनी जांभळांच्या मधोमध पुरले आणि पुढे पाटी खोचली: 'सजावटी पौधा'. अळूला पाणी घालायचं म्हणून जांभळांनाही रोज मिळू लागलं. खुरानांनी अरबी, म्हणजे अळूचे कंद, पाहिली होती ती भाजीवाल्याच्या टोपलीत, मातीने माखलेली. तिला वर पानं असतात, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"वाह भाभीजी, क्या शाही पत्ते हैं!" ते म्हणाले. सुमित्राबाईंनी मान डोलावली. वडीजोगी पानं व्हायला फक्त आठवडा उरला होता.

पण त्याआधी सोसायटीचा वृक्षारोपण समारंभ आला. प्रमुख पाहुणे एक निवृत्त न्यायाधीश. विकतचा गुच्छ कशाला, म्हणून खुरानांनी सकाळी स्वतः कात्री घेऊन शाही पानं कापली, देठ करकचून बांधले आणि तो गुच्छ पाहुण्यांच्या हातात दिला. मग ते भाषणाला उभे राहिले.

"पेड़ हमारे..." म्हणून त्यांनी मनगट खाजवलं. "पेड़ हमारे मित्र..." म्हणताना मान खाजवली. तिसऱ्या वाक्याला दोन्ही हात कामात गुंतल्यामुळे माईक पडला. मागे खुर्चीवर न्यायाधीश गुच्छ फेकून तळवे घासत होते.

"ज़हर है!" खुराना ओरडले. "माली, उखाड़ो सब!"

फावडं घेऊन निघालेल्या माळ्याच्या आणि अळूच्या मध्ये सुमित्राबाई उभ्या राहिल्या.

"खबरदार! ज़हर नहीं है. अरबी है. रस में सुई जैसे बारीक कण होते हैं, वो चुभते हैं. इमली के पानी में हाथ डालिए."

खुराना खाजवायचे थांबले. "अरबी? यानी सब्ज़ी?"

शशिकांतरावांनी डोळे मिटले. विष म्हटलं तर उपटणार, भाजी म्हटलं तरी उपटणार.

"हो, सब्ज़ी!" सुमित्राबाई कडाडल्या. "और बनाके खिलाऊँगी. फिर जिसकी हिम्मत हो वो उखाड़े."

माळी फावडं टेकून बसला. सुमित्राबाईंनी फेकलेला गुच्छ उचलला, वर जाऊन आधी चिंचेचं पाणी खाली पाठवलं आणि मग त्याच पानांसाठी बेसन कालवलं. वड्यांचं ताट खाली आलं तेव्हा न्यायाधीशांची खाज शमली होती आणि जेवणाची वेळ टळून गेली होती. सुमित्राबाईंनी पहिली वडी सगळ्यांसमोर स्वतः खाल्ली. दुसरी न्यायाधीशांनी उचलली. तिसरी, चौथीही त्यांनीच. अखेर त्यांनी बोटं पुसली.

"खुराना जी, बाकी जगह खाली क्यों रखी है?"

शशिकांतरावांनी डोळे उघडले. जिंकली बाई!

सोमवारी नवी नोटीस लागली. पेड़ों के बीच केवल अरबी लगेगी. सजावटी पौधे सख़्त मना हैं. पत्ते कमिटी बाँटेगी.

"मेरे पत्ते?" सुमित्राबाईंनी खुरानांना विचारलं.

"आपका नंबर आएगा ना, भाभीजी. अभी पहली मंज़िल चल रही है. आप तो चौथी पे हैं."

संध्याकाळी त्या खुरपं आणि एक पुडी घेऊन चप्पल घालताना दिसल्या, तेव्हा शशिकांतराव दारात आडवे उभे राहिले.

"काय आहे त्यात?"

"झेंडूचं बी."

"अगं, पण नोटीस..."

"वाचली," सुमित्राबाई म्हणाल्या. "म्हणून तर आणलं."