पाच मिसळ, तर्री वेगळी

"कानात आलं की तोंडात! मध्ये डोकं लागतच नाही!" असं योगेश सानप छाती फुगवून सांगायचा. नाशिकच्या एका केबल चॅनलवर तो बातम्या द्यायचा. पलीकडच्या खोलीतून निर्माता बटण दाबून ताजी माहिती त्याच्या कानात सांगे आणि योगेश ती अशी बोले, जणू पहाटेपासून त्याला ठाऊकच होती. हा निर्माता म्हणजे भारत. अवतार गबाळा आणि भूक राक्षसाची.

त्या दिवशी मामला मोठा होता. मुंबईच्या एका बड्या चॅनलचे संपादक दुपारचं बातमीपत्र बघून योगेशला घ्यायचं की नाही ते ठरवणार होते. योगेशच्या मते ते ठरल्यातच जमा होतं! त्याच्या बायकोने, उज्वलाने तर ठाण्यात भाड्याचं घरसुद्धा बघून ठेवलं होतं.

बातमी पंचवटीतली. भाजीबाजारात शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडला होता.

"आताच हाती आलेल्या माहितीनुसार..." योगेशने भुवई उंचावली आणि कान टवकारले.

पलीकडे भारत सकाळपासून उपाशी होता. त्याने हॉटेलला फोन लावला आणि बोलता बोलता कोपर नेमकं बटणावर टेकवलं.

"आंदोलकांची मागणी आहे, पाच मिसळ!" योगेश खणखणीत आवाजात म्हणाला. "त्यातली एक कमी तिखट. पाव जास्तीचे. आणि तर्री वेगळीच हवी, यावर ते ठाम आहेत!"

बाजारात उभी असलेली वार्ताहर सुवर्णा नवी होती. स्टुडिओला खोटं कसं पाडणार? तिने माईक शेतकऱ्यांच्या पुढाऱ्यासमोर, भिमाजींसमोर धरला. "काका, कमी तिखट कुणासाठी?"

"मिसळ? अवो ताई, डोक्यावर पत्रा पायजे आमाला! लय ऊन लागतंय!"

"पर मिसळ आली तर नाय कोण म्हणतंय!" मागून कुणीतरी ओरडलं. टाळ्या पडल्या.

इथे तरी योगेशला शंका यायला हवी होती. पण शंका डोक्यात येते, आणि डोकं त्याने मध्ये ठेवलंच नव्हतं.

"दह्याबाबत अद्याप स्पष्टता नाही," तो गंभीरपणे म्हणाला. "मागणी लगेच मान्य न झाल्यास दुसरीकडे जाण्याचा इशारा!"

बाजाराचे सभापती टीव्हीसमोरच बसले होते. पत्र्याच्या खर्चाचा हिशेब ते तिसऱ्यांदा मांडत होते. मिसळ ऐकून ते उडालेच! "एवढंच ना? सगळ्या बाजाराला द्या!" अर्ध्या तासात पातेली घेऊन ते स्वतः हजर झाले. भिमाजींनी कॅमेऱ्यासमोर पहिला घास त्यांनाच भरवला आणि पत्र्याचाही शब्द घेतला. लिलाव सुरू झाला! भारतची ऑर्डर तेवढी आली नाही. हॉटेलातली सगळी मिसळ बाजारात गेली होती.

संध्याकाळी मुंबईहून फोन आला. "कमाल केलीत! आंदोलन मिटवणारं बातमीपत्र आम्ही पहिल्यांदाच बघितलं!"

योगेश हरभऱ्याच्या झाडावर चढला. "काही नाही साहेब. कानात आलं ते बोललो."

"तेच विचारायचं होतं. कानात कोण होतं?"

"...भारत."

"त्यांना द्या फोन."

ठाण्यातल्या घरात आता भारत राहतो. पत्ता उज्वलानेच दिला. म्हणाली, "एवढं बघून ठेवलंय, वाया कशाला घालवायचं?"