दगडूच्या गळ्यातली फळी

मुलांनो, तुमच्या रक्तातल्या पांढऱ्या राखणदार पेशींना डोळे असतात का?

नसतात. त्यांच्या अंगावर खाचा असतात. एखादं प्रथिन येऊन एका खाचेत नेमकं बसलं, की पेशी लढायला उठते. दुसऱ्या खाचेत दुसरं बसलं, की गप्प होते. बिचाऱ्या आंधळ्या. दुसरं करतील काय?

एका जंगलात मात्र डोळे असलेल्यांनीही हीच पद्धत घेतली. तिथल्या कारभारी माकडाला ती फार शास्त्रीय वाटली.

राखणीला दगडू रानडुक्कर होता. त्याच्या गळ्यात फळी बांधली. फळीला दोन खाचा. गोल खाचेत गोल ठोकळा घातला, की दगडूने उठून शत्रूला सुळा मारायचा. तिकोनी खाचेत तिकोनी घातला, की खाली बसायचं. दोन्ही घातले तर? तरी बसायचंच. तिकोनी ठोकळा जंगलातल्या प्रत्येकाला जन्मतःच मिळायचा. दगडूने चुकून आपल्यातल्याच कुणाला मारू नये, म्हणून.

जंगलाच्या मधोमध एक उंबर होता. त्याच्या मुळाशी गोदा चिचुंद्री राहायची. तिच्या पाच पिल्लांना अजून चालताही येत नव्हतं. शेजारी केसर घूस. ती इथेच जन्मलेली, चांगली सभ्य बाई. एक दिवस ती उंबराची मुळं कुरतडायला लागली, आणि थांबलीच नाही.

गोदा दगडूकडे धावली.

"दगडूदादा, झाड कलायला लागलंय. माझी पोरं खाली आहेत."

"दिसतंय मला."

"मग उठा की."

"दिसलं म्हणून उठायचं नसतं, वहिनी. ठोकळा आणलाय?"

गोदाने कारभाऱ्याच्या दारी रांगेत उभं राहून गोल ठोकळा मिळवला आणि खाचेत घातला. दगडू उठला. तेवढ्यात केसर आली. तोंडाला माती, मिशीला मुळाचा तुकडा. तिने आपला तिकोनी ठोकळा घातला. दगडू खाली बसला.

"अगं गोदा, घरचीच ना मी?" केसर म्हणाली. "घरच्यांवर कुणी सुळे काढतं का?"

असं तीनदा झालं. दगडूला चांगला व्यायाम झाला.

चौथ्या वेळी गोदाने आधी बाभळीचा डिंक आणला. तिकोनी खाच गच्च बुजवली. मग गोल ठोकळा घातला.

केसरने आपला ठोकळा लावला. तो घसरून पडला. पुन्हा लावला. पुन्हा पडला.

"दादा, बसा ना जरा," ती म्हणाली.

"बसलो असतो," दगडू म्हणाला. "पण ठोकळा कुठाय?" आणि त्याने सुळा मारला.

केसर मेली. उंबर वाचला. संध्याकाळी सभा भरली. दगडूला त्याच्या तीक्ष्ण नजरेबद्दल हार घालण्यात आला. गोदाला जंगलाची खाच खराब केल्याबद्दल ताकीद मिळाली.

"कारभारी, तो डिंक राहू द्या," गोदा हात जोडून म्हणाली. "केसरच्या चार पोरी तिथेच कुरतडतायत."

"त्यांच्याकडे तिकोनी ठोकळे आहेत?"

"आहेत."

"मग घरच्याच झाल्या की. घरच्यांवर संशय घेऊ नये, बाई."

सुतार पक्ष्याने डिंक कोरून काढला आणि खाच पुसून लख्ख केली. गोदा सभेतून उठली. तिने एकेक पिल्लू तोंडात धरून दूरच्या टेकडीवर नेलं. दगडू नेमून दिल्याप्रमाणे उंबराखाली पहाऱ्याला गेला.

तात्पर्य : डोळ्यांना काय, काहीही दिसतं. ज्याचा ठोकळा खाचेत जातो, तोच आपला. झाड गेलं तर दुसरं लावता येईल. इतकी चांगली पद्धत पुन्हा कुठून आणणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी उंबर दगडूवर पडला. त्याच्या फळीत तिकोनी ठोकळा अगदी नेमका बसलेला होता.