घरभर एकशे चार

दुपारी दोनला दामिनीची हिंगण्याच्या कारखान्यातल्या नव्या नोकरीची पहिलीच शिफ्ट होती. सव्वाला नाक्यावर कंपनीची बस यायची होती. बरोबर एकला तिच्या आईने, सुभद्राबाईंनी, तिच्या कपाळाला हात लावला. "अंग गरम लागून राहिलं वं." मे महिन्यात नागपुरात कुणाचं कपाळ गार लागतं, हे त्यांना कोण विचारणार?

वडिलांनी, मनोहररावांनी, सदर बाजारातून आणलेला नवा, सेल्सिअसवाला थर्मामीटर काढला. आकडा आला सदतीस. अमेरिकेतल्या मुलाला इथलं ऊन तिथल्या मापात सांगायला त्यांनी एक युक्ती पाठ केली होती: सेल्सिअसची दुप्पट करायची, तीस मिळवायचे.

"चौऱ्याहत्तर न् तीस. एकशे चार. नोकरी कॅन्सल."

"बाबा, मले काहीच नाही झालं."

"एकशे चारमध्ये माणूस असाच बडबडते."

सुभद्राबाई तिची बॅग मांडीवर घेऊन दारातच बसल्या. खात्री म्हणून त्यांनाही मोजलं. "एकशे तीन? मी तर आत्ता पोळ्या लाटल्या." मग मनोहररावांनी स्वतःला मोजलं, एकशे चार भरले, आणि ते पलंगावर आडवे झाले. दवाखान्यात न्यायला बोलावलेले शेजारचे चंपतराव कारची किल्ली घेऊन आले, त्यांनीही मोजून घेतलं आणि पायथ्याशी कलंडले.

"साथ आहे गा मनोहर. मले सकाळपासून वाटूनच राहिलं होतं."

बाहेर बसचा हॉर्न दोनदा वाजला. बस गेली.

दामिनी पलंगाशी आली. "बाबा, बर्फ शून्याले वितळते. तुमच्या हिशोबानं तीस फॅरनहाइट. खरे बत्तीस."

"दोन डिग्रीसाठी बापाशी भांडतं?"

"पाणी शंभराले उकळते. तुमचे होतात दोनशे तीस, खरे दोनशे बारा. म्हणजे बत्तीसपासून एकशे ऐंशीच चढले. एका डिग्रीमागं एक पूर्णांक आठ, दोन नाही. आता सदतीसचं करा."

मनोहररावांनी पडल्या पडल्या बोटांवर हिशोब केला. "सहासष्ट पूर्णांक सहा, अधिक बत्तीस... अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा."

निरोगी अंगाचा हा आकडा घरात सगळ्यांना पाठ होता. चंपतराव उठून बसले. "मले आता बरंच हलकं वाटून राहिलं."

सुभद्राबाईंनी बॅग दिली, वर डबाही. मनोहररावांनी डोक्याला दुपट्टा गुंडाळून स्कूटर काढली. वाटेत चौकातल्या तापमानाच्या फलकावर चव्वेचाळीस दिसले. त्यानंतर ते ओठातल्या ओठात आकडे पुटपुटू लागले.

दोनला पाच कमी असताना कारखान्याचं फाटक दिसलं.

"काय विचार करून राहिले, बाबा?"

"माझ्या हिशोबानं आज एकशे अठरा होते. तुझ्या हिशोबानं एकशे अकराच." त्यांनी स्कूटर थांबवली. "तरीच म्हटलं, हवा बरी काहून लागून राहिली."